पेस्ट कंट्रोलसाठी घर खाली करायला सांगितलं, तर भाडेकरूने काय करावं?

"वाळवी लागली आहे, औषध मारायचंय, आठ दिवस घर खाली करा." कोकणात भाड्याने राहणाऱ्या शिक्षकाला, नर्सला, एसटीच्या वाहकाला किंवा बदलीवर आलेल्या बँकेतल्या माणसाला हे वाक्य कधी ना कधी ऐकावं लागतं. मे महिन्यात मालक मुंबईहून येतो, माळ्यावर डोकावतो, वाशावर चढलेली मातीची नळी त्याला दिसते आणि दुसऱ्या दिवशी निरोप येतो. पहिल्या पावसानंतर दिव्याभोवती पंखवाले किडे जमले की पुन्हा तोच निरोप. गणपतीच्या आधीही येतो. तेव्हा मात्र जरा थांबून विचार करावा, कारण घर औषधासाठी हवंय की येणाऱ्या पाहुण्यांसाठी, हे त्या दिवसांत ओळखणं कठीण असतं.

बहुतेक मालक खरंच बोलतात, हेही सांगायला हवं. वासे आणि रिपा वाळवीने पोखरल्या तर कौलं भाडेकरूच्याच डोक्यावर येतील. म्हणून औषधाला विरोध करू नका. औषधासाठी बाहेर जरूर पडा, पण ताबा सोडू नका, आणि परत येण्याची तारीख लेखी मिळाल्याशिवाय घराबाहेर पाऊल टाकू नका. पुढचं सगळं याच्याच तयारीसाठी आहे.

आधी औषधाचं नाव विचारा

किती दिवस बाहेर राहायचं हे मालक ठरवत नाही आणि भाडेकरूही ठरवत नाही. ते औषध आणि ते मारण्याची पद्धत ठरवते. पेस्ट कंट्रोल या एका नावाखाली फार वेगवेगळी कामं चालतात.

झुरळांसाठी जेल लावणार असतील तर घर सोडायचं कारणच नाही. कपाटं रिकामी करून दिली की पुरे. ढेकणांसाठी फवारणी असेल तर ती वाळून घरात वारा खेळेपर्यंत, म्हणजे काही तास बाहेर थांबावं लागतं. अंड्यांतून नंतर निघणाऱ्या पिल्लांसाठी साधारण दोन आठवड्यांनी दुसरी फेरी लागते. म्हणजे थोडा थोडा वेळ दोनदा बाहेर जायचं, सलग आठ दिवस नव्हे.

वाळवीचं काम मोठं. राहत्या घरात भिंत आणि जमीन मिळते त्या रेषेवर ड्रिलने ठरावीक अंतरावर भोकं पाडतात, त्यांत औषध सोडतात आणि वरून सिमेंटने बुजवतात. बांधून झालेल्या इमारतींत हे काम कसं करायचं याचं भारतीय मानक आहे, आयएस 6313 चा तिसरा भाग. औषध बहुधा क्लोरपायरीफॉस किंवा इमिडाक्लोप्रिड असतं. हे काम खोलीखोलीने करता येतं. घरात दमेकरी, गरोदर बाई, तान्हं मूल असेल तर दोन-तीन दिवस दुसरीकडे राहणं शहाणपणाचं, पण सगळं सामान काढून घर रिकामं करायची गरज सहसा नसते. वासे, चौकटी आणि लाकडी खांबांत तेलकट द्रावण सोडणार असतील तर वास जास्त दिवस राहतो आणि ते द्रावण पेट घेऊ शकतं. वास जाईपर्यंत त्या खोलीत शेगडी नको, निरांजन आणि उदबत्तीही नको.

यापेक्षा वेगळा आणि खरा धोक्याचा प्रकार म्हणजे गॅस सोडणं. धान्याच्या गोदामात वापरतात त्या अॅल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या हवेतल्या ओलाव्याने फॉस्फीन वायू सोडतात. कोकणातल्या हवेत ओलावा किती असतो ते सांगायला नको. हा वायू हवेपेक्षा किंचित जड असतो आणि फटीतून शेजारच्या खोलीत शिरतो. कामाच्या जागी त्याची मर्यादा दहा लाख भागांत 0.3 भाग इतकी कमी धरतात, आणि विषबाधा झाली तर त्यावर उतारा नाही. त्याला लसणासारखा किंवा कुजक्या मासळीसारखा वास येतो असं म्हणतात, पण तो नेहमी येईलच याचा भरवसा नाही. शिवाय ज्या घरात सुकट-बोंबील आहेत तिथे तो वास कोणाच्या लक्षात येणार? तांब्याच्या तारा आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूही या वायूने खराब होतात.

गॅसचा उपयोग व्हायचा तर जागा हवाबंद करावी लागते. कौलारू घर हवाबंद होत नाही. कौलांच्या सांध्यांतून वायू निघून जातो, किडा मरत नाही, आणि एकाच छपराखालच्या शेजाऱ्याच्या माळ्यावर मात्र विष पोहोचतं. वर गॅस उडून गेल्यावर मागे कसलंच संरक्षण उरत नाही, वाळवी जमिनीतून पुन्हा वर येते. या गोळ्या सामान्य माणसाने विकत आणून घरात ठेवायच्या नाहीतच. त्या सरकारी यंत्रणा आणि प्रशिक्षित पेस्ट कंट्रोल ऑपरेटर यांच्यापुरत्याच आहेत. "मी गोळ्या आणून ठेवतो, तुम्ही दोन दिवस येऊ नका" असं कोणी म्हणालं तर भीड न ठेवता स्पष्ट नाही म्हणा, शेजाऱ्यांना सांगा, आणि गोळ्या ठेवल्याच असतील तर घरात न शिरता 112 ला फोन करा. विषारी पदार्थ निष्काळजीपणे हाताळून इतरांचा जीव धोक्यात घालणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 286 खाली गुन्हा आहे.

तर मालकाला किंवा कंपनीच्या माणसाला विचारायचं ते असं: औषधाचं नाव काय, कोणत्या खोल्यांत मारणार, किती तासांनी आत जायला हरकत नाही, आणि परवाना कुठे आहे. कीटकनाशक कायदा 1968 आणि त्याखालच्या 1971 च्या नियमांप्रमाणे व्यावसायिक पेस्ट कंट्रोलला परवाना लागतो. परवान्याचा आणि डब्यावरच्या लेबलचा फोटो मागून घ्या. लेबलवर रंगीत त्रिकोण असतो. लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, मग निळा, आणि हिरवा त्या मानाने सौम्य. विषबाधा झाली तर काय करायचं तेही लेबलवरच लिहिलेलं असतं, म्हणून तो फोटो मोबाइलमध्ये कायम ठेवा. परवाना दाखवायला टाळाटाळ झाली तर तालुक्याच्या कृषी कार्यालयात विचारा. कीटकनाशक निरीक्षक कृषी विभागाचेच अधिकारी असतात.

परसात विहीर असेल तर ती ऑपरेटरला आधी दाखवा. जांभा सच्छिद्र असतो, त्यातून पाणी झिरपतं तसं औषधही झिरपू शकतं. भिंतीलगत विहीर किंवा पाण्याची जमिनीतली टाकी असेल तर त्या बाजूचं काम कसं करणार ते विचारून घ्या आणि उत्तर पटलं नाही तर ती बाजू सोडायला सांगा. भर पावसात घराबाहेरच्या मातीत औषध ओतणंही चुकीचं, ते वाहून ओहोळात आणि विहिरीतच जातं. ऐन आषाढात कोणी हे काम काढलं, तर पाऊस सरल्यावर करा असं भाडेकरूने सुचवायला काहीच हरकत नाही.

तुम्ही कोणत्या कागदावर राहता?

हक्क किती हे यावर ठरतं. आज बहुतेक लोक अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्स करारावर राहतात. कायद्याच्या भाषेत ते भाडेकरू नसतात, परवानाधारक असतात. त्यांचा पहिला आधार म्हणजे करार, म्हणून तो काढून नीट वाचा. दुरुस्ती कोणी करायची, मालकाने घरात यायच्या आधी किती दिवस सांगायचं, मुदतीआधी करार मोडायचा तर नोटीस किती. कराराबाहेर भारतीय सुविधाधिकार कायदा 1882 मदतीला येतो. त्याचं कलम 57 सांगतं की जागेत धोका आहे हे मालकाला माहीत असेल आणि तुम्हाला नसेल तर त्याने ते सांगायला हवं. कलम 58 सांगतं की परवानाधारकाला किंवा त्याच्या वस्तूंना धोका होईल असं काही मालकाने जागेत करायचं नाही. औषधाचं नाव विचारायचा तुमचा हक्क इथून येतो, ती मालकाची मेहेरबानी नाही. आणि पैसे मोजून घेतलेला परवाना तुमची चूक नसताना मधेच मोडून बाहेर काढलं, तर कलम 64 प्रमाणे भरपाई मागता येते.

रत्नागिरी, मालवण, वेंगुर्ल्यासारख्या गावांच्या बाजारपेठेत वाडवडिलांपासून पावतीवर राहणारी कुटुंबं आहेत, त्यांची गोष्ट निराळी. त्यांना महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 चं संरक्षण आहे. कलम 14 प्रमाणे घर राहण्याजोगं ठेवणं ही मालकाची जबाबदारी. निदान पंधरा दिवसांची नोटीस देऊनही त्याने दुरुस्ती केली नाही तर भाडेकरू ती स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो, मात्र वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच. समजा भाडं महिना 2,000 असेल तर वर्षाचे 24,000, म्हणजे कमाल 6,000. पोखरलेले वासे बदलणं दुरुस्तीत मोडतं असं म्हणता येईल, पण स्वयंपाकघरातल्या झुरळांसाठी हे कलम काढू नका.

या जुन्या भाडेकरूंनी सर्वांत जास्त सावध राहावं ते "छप्पर उतरवून औषध मारायचंय, चार महिने कुठेतरी सोय करा" या वाक्यापासून. घर रिकामं केल्याशिवाय दुरुस्ती होणारच नाही असं मालकाचं म्हणणं असेल, तर कलम 16 खाली त्याला न्यायालयात जाऊन ते सिद्ध करावं लागतं. आणि मला याच जागेत परत यायचंय असं भाडेकरूने सांगितलं की कलम 17 प्रमाणे हुकुमनाम्यात तशी नोंद होते. तोंडी शब्दावर घर सोडलं तर हे संरक्षण आपल्याच हाताने टाकून दिल्यासारखं होतं. न्यायालय नको असेल तर निदान स्टॅम्प पेपरवर लेखी समझोता करून, दोन साक्षीदारांच्या सह्या घेऊनच बाहेर पडा.

हा कायदा सरसकट प्रत्येक वाडीला लागू नाही, त्याच्या परिशिष्टात दिलेल्या भागांनाच आहे. आडगावात तोंडी बोलीवर राहत असाल तर मालमत्ता हस्तांतरण कायदा 1882 चं कलम 108 पाहावं लागतं. भाडं देणाऱ्याला निर्वेध राहू देणं त्यातही आहे, आणि मालकाला वाजवी वेळी येऊन घर बघू देणं हे भाडेकरूचं कर्तव्यही त्यातच आहे.

ते कर्तव्य खरोखर पाळा. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 28 प्रमाणे मालक आधी कळवून, वाजवी वेळी पाहणी करू शकतो. कंपनीच्या माणसाला दारात अडवून तुमची बाजू बळकट होत नाही.

निघण्याआधीचं लेखी बोलणं

कोकणात मालक बहुधा काका, दादा किंवा वहिनी असतात. नात्याच्या भिडेने कागद मागायला जड जातं. पण व्हॉट्सअॅपवरचा आदराने लिहिलेला संदेशही पुरावा ठरू शकतो, आणि तो वाचून कोणी दुखावत नाही. असा लिहा:

"नमस्कार काका. आपण काल सांगितल्याप्रमाणे वाळवीच्या औषधासाठी आम्ही 12 तारखेला सकाळी 9 वाजता बाहेर राहायला जातो आणि 15 तारखेला संध्याकाळी परत येतो. आमचं सामान घरातच आहे, किल्ली आमच्याकडे आहे. कामाच्या दिवशी मी दार उघडून द्यायला येईन. या दिवसांचं भाडं आणि बाहेर राहायचा खर्च आपण बोलल्याप्रमाणे पुढच्या भाड्यात वळता करूया. औषधाचं नाव आणि कंपनीच्या परवान्याचा फोटो पाठवावा ही विनंती. हे बरोबर असेल तर 'ठीक आहे' एवढं कळवा."

तो "ठीक आहे" आल्याशिवाय पिशव्या भरू नका. फोनवर होकार मिळाला तर लगेच "आत्ता फोनवर बोललो त्याप्रमाणे" अशी सुरुवात करून सगळं पुन्हा लिहून पाठवा.

या दिवसांत काही गोष्टी चुकूनही करू नयेत. डिपॉझिट परत घेऊ नका. "हिशेब नंतर करू, आता हे ठेवा" असं प्रेमाने म्हटलं तरी नको, कारण डिपॉझिट परत घेणं म्हणजे घर सोडल्याची खूण. ताबा दिल्याच्या कागदावर सही करू नका. सगळ्या किल्ल्या देऊ नका. किल्ली द्यावीच लागली तर एक द्या आणि "कामापुरती दिली" असं लिहून ठेवा. आणि करार संपायला महिना-दीड महिनाच उरला असेल तर नूतनीकरण करून मगच बाहेर पडा. मुदत संपल्यावर जागा परत मिळवण्यासाठी मालकाला भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 24 खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं, आणि मुदतीनंतर राहिलेल्या काळासाठी दुप्पट दराने रक्कम लागू शकते. तेव्हा बाहेर राहत असताना तारीख उलटली तर तुमची बाजू लंगडी पडते.

पैशाचा प्रश्न

औषधाच्या दिवसांचं भाडं माफ व्हावं असा ठरावीक दर कायद्यात नाही, म्हणून ते बोलूनच ठरवावं लागतं. माझ्या मते न्याय्य हिशेब सोपा आहे. भाडं 9,000 असेल तर दिवसाला 300, चार दिवस बाहेर काढले तर 1,200 कमी द्यावेत. लॉजचा खर्च मागायचा की नाही हे परिस्थितीवर ठरवा. वाळवी इमारतीला लागली असेल तर तो खर्च मालकाने उचलावा हे मागणं रास्त आहे. ढेकूण तुमच्या गाद्यांतून आले असतील तर मात्र औषधाचा खर्चही तुम्हीच उचलणं बरं. मालकाने होकार द्यायच्या आधी परस्पर भाडं कापून घेऊ नका, थकबाकीदार ठरवायला तेवढं निमित्त पुरतं. भाड्याची पावती मागत जा. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 31 प्रमाणे ती देणं मालकाला बंधनकारक आहे.

घर लावून निघताना

दाराच्या चौकटीपासून सुरुवात करून सगळ्या खोल्यांचा एक सलग व्हिडिओ काढा. कपाटं उघडून दाखवा, वीज मीटरचा आकडा दाखवा. दागिने, शाळेचे दाखले, करार, पावत्या सोबत घ्या.

स्वयंपाकघराला खरा वेळ लागतो, त्यातून आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीची, भरणी झालेली असेल तर फारच. तांदूळ, कुळीथ, आमसुलं, सुकट, पापड, फणसपोळी, मिठातल्या कैऱ्या हे सगळं बाहेर न्यावं हेच उत्तम. पत्र्याचा डबा घट्ट वाटला तरी फवाऱ्याचे कण झाकणाच्या कडेला बसतात. लोणच्याच्या बरणीला फडकं बांधलेलं असतं, त्यातून औषध आत जातं, म्हणून बरणी नेता येत नसेल तर जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळून टेपने बंद करा. माठ आणि कळशी रिकामी करून पालथी ठेवा. पाटा-वरवंटा झाका, दगड औषध शोषून घेतो. उश्या, गाद्या, बाळाची खेळणी बाहेर. देव्हाऱ्यातले देव आणि नैवेद्याची भांडी कोणाकडे ठेवायची ते आदल्या दिवशीच ठरवा.

मांजराला नक्की घेऊन जा. परमेथ्रिनसारखी पायरेथ्रॉइड गटातली औषधं मांजराला फार घातक असतात, आणि मांजर अंग चाटत असल्याने फरशीवरचं औषधही त्याच्या पोटात जातं. मासे ठेवलेले असतील तर टाकीही हलवा. वाळवीची आणि फवारणीची बरीच औषधं माशांना अगदी थोड्या मात्रेतही मारतात.

काम चालू असताना घरातलं एक मोठं माणूस दारात हजर असावं. डबा उघडताना लेबल तेच आहे का बघावं, निघताना कामाची पावती आणि हमीचा कागद मागावा. पैसे मालकाने दिले असले तरी सेवा तुमच्या घरात झालेली असते. ग्राहक संरक्षण कायदा 2019 मध्ये पैसे देणाऱ्याच्या संमतीने सेवा घेणाराही ग्राहकच धरला आहे. त्यामुळे सामान खराब झालं किंवा तब्येत बिघडली तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे तुम्ही स्वतः तक्रार करू शकता. आधी सल्ला हवा असेल तर ग्राहक हेल्पलाइन 1915 आहे.

परत आल्यावर

आधी एकट्याने आत जा, पंखा किंवा दिव्याला हात न लावता दारं-खिडक्या सताड उघडा आणि बाहेर येऊन थांबा. लेबलवर लिहिलेला वेळ उलटला असला तरी तास-दोन तास वारा खेळू द्या. फरशी पुसा, ओटा साबणाने धुवा, पहिल्या दिवशी रांगणाऱ्या मुलाला खाली सोडू नका. भिंतीलगतची सिमेंटने बुजवलेली भोकं मात्र धुऊ किंवा उकरू नका.

डोकं दुखणं, मळमळ, उलटी, छातीत जडपणा, लाळ सुटणं असं काही झालं की सगळे घराबाहेर पडा आणि 108 ला रुग्णवाहिका बोलवा. दवाखान्यात लेबलचा फोटो दाखवा, डॉक्टरांना औषधाचं नाव कळलं तर उपचार लवकर सुरू होतात. दिल्लीच्या एम्समधलं राष्ट्रीय विष माहिती केंद्र 1800 116 117 या क्रमांकावर सल्ला देतं.

दाराला दुसरं कुलूप दिसलं तर

कुलूप तोडू नका. त्याचा तारीख-वेळेसह फोटो काढा, शेजाऱ्याला बोलावून दाखवा, आणि तिथूनच मालकाला संदेश पाठवा की ठरल्याप्रमाणे आज परत आलो आहोत, दार उघडून द्यावं. उत्तर आलं नाही तर पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. "हा दिवाणी वाद आहे" असं तिथे ऐकायला मिळेल. तरीही पोच घ्याच, कारण त्या दिवशी तुम्ही दारात होतात हे त्या कागदावरून दिसतं. सामान आत अडकलं असेल, त्यात औषधं किंवा मुलांची पुस्तकं असतील, तर ती यादी तक्रारीत घाला.

जबरदस्तीने ताबा काढून घेतला तर विशिष्ट अनुतोष कायदा 1963 च्या कलम 6 खाली सहा महिन्यांच्या आत दावा लावता येतो. त्यात मालकी कोणाची हा प्रश्न नसतो, कायदेशीर मार्गाशिवाय बाहेर काढलं का एवढंच पाहतात. लिव्ह अँड लायसन्सवाल्यांच्या बाबतीत कराराची भाषा महत्त्वाची ठरते, म्हणून वकिलाला करार दाखवल्याशिवाय पुढचं पाऊल टाकू नका. करार नोंदवलेलाच नसेल तर घाबरू नका. नोंदणी करून घेणं ही भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 55 प्रमाणे मालकाची जबाबदारी आहे, आणि तशी नोंदणी नसेल तर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरतात. घर उघडलं पण नळ किंवा वीज तोडलेली असेल तर कलम 29 खाली भाडेकरू न्यायालयाकडे ती परत जोडून मागू शकतो.

मुंबईतल्यासारखं लघुवाद न्यायालय इकडे नाही, तालुक्याच्या दिवाणी न्यायालयातच जावं लागतं. त्याच आवारात तालुका विधी सेवा समितीचं कार्यालय असतं. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, दिव्यांग आणि ठरावीक मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असलेल्यांना तिथे वकील फुकट मिळतो, आणि 15100 या हेल्पलाइनवर आधी विचारताही येतं. जाताना करार, भाड्याच्या पावत्या, वीजबिल, औषधाच्या लेबलचा फोटो आणि मालकाशी झालेले सगळे संदेश छापून घेऊन जा.